दम्याचं माप

दम्याच्या माणसाला श्वास घेता येत नाही, असं सगळे म्हणतात. खरी अडचण असते ती श्वास सोडण्याची. पटत नसेल तर एक करून पाहा. छाती भरून श्वास घ्या आणि त्यातला अगदी थोडाच सोडा. त्या भरलेल्या छातीवरच पुन्हा घ्या, पुन्हा थोडासाच सोडा. असं दोन-तीनदा केलंत की छाती गच्च भरून जाईल आणि तरीही हवा हवीशी वाटेल. आत जागाच उरलेली नसते. मग आता नेहमीसारखा सावकाश श्वास सोडा. हे जे आत्ता तुम्हाला सहज जमलं, त्यासाठी माणसं माझ्याकडे यायची.

रेगेन्सबर्गमध्ये मी फुप्फुसांची डॉक्टर म्हणून काम केलं. मिरजेला शिकले, लग्न होऊन इकडे आले, पुन्हा परीक्षा दिल्या, जर्मन शिकताना नवऱ्याचं डोकं खाल्लं. ते सगळं इथे सांगत बसत नाही. कारण निवृत्त झाल्यावर जेव्हा कुणी विचारतं, "मग, काय काय पाहिलंत?" तेव्हा मला त्यातलं काही आठवत नाही. मला एक बाई आठवतात. त्यांच्याबद्दलच लिहिते.

पण त्याआधी थोडं धंद्याविषयी. आमच्या प्रॅक्सिसमध्ये, म्हणजे दवाखान्यात, दिवसभर आरडाओरडा चालायचा. एक काचेची पेटी असते, टेलिफोन बूथसारखी. पेशंट आत बसतो, नाकाला चिमटा, तोंडात नळी. बाहेर आमची सहायक उर्सुला उभी. पेशंटने पूर्ण छाती भरून घेतली की ती ओरडायची, "फुंका, फुंका, वायटर, वायटर, वायटर." वायटर म्हणजे थांबू नका, चालू ठेवा. ती इतक्या जिवाच्या आकांताने ओरडायची, की बाहेर बसलेल्या नवख्या माणसाला आत बाळंतपण चाललंय असं वाटावं. त्या फुंकरीचा आलेख पडद्यावर उमटतो. निरोगी माणसाचा आलेख उंच चढून सरळ उतरतो. दम्याचा असेल तर उतरताना तो खाली खचतो, मधे बसलेल्या खाटेसारखा.

एवढं असूनही दमा किती गंभीर आहे हे ती पेटी एकटी सांगू शकत नाही. ती आजचं सांगते. दमा सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा. गवताला फुलं आली की तिसरा. मग डॉक्टर विचारतात, झोप लागते का, जिना चढवतो का, दम लागल्यावर मारायचा निळा स्प्रे किती वेळा लागतो. आणि पेशंट उत्तर देतात, "बरं आहे." जर्मन पेशंट "गेट शोन" म्हणतात, म्हणजे चाललंय. दोन्हींचा अर्थ एकच असतो: मला सवय झाली आहे.

सुनंदाताई पहिल्यांदा आल्या त्या अशाच "बरं आहे" म्हणत. साठीच्या आसपासच्या, किडकिडीत, केस आखूड कापलेले. मूळच्या साताऱ्याच्या. पुण्यात जर्मन शिकताना डीटर नावाच्या जर्मन मुलाशी ओळख झाली, लग्न करून इकडे आल्या आणि इथल्या एका नाटक कंपनीच्या शिवणखात्यात राजे-राण्यांचे झगे शिवू लागल्या. हे सगळं त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितलं, कारण मराठी डॉक्टर मिळाल्याचा त्यांना फार आनंद झाला होता. मुलगी मीरा त्यांना गाडीने घेऊन आली होती. मीरा इथेच वाढलेली, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं.

"आमच्या हिनेच धरून आणलं," सुनंदाताई म्हणाल्या. "मला काही एवढं नाहीये. थोडा दमा आहे, जुना. घरच्या डॉक्टरांनी निळा पंप दिलाय, लागला तर घेते."

"किती लागतो?"

"लागेल तसा."

"बरं, मग असं सांगा," मी म्हटलं, "आधी करत होतात आणि आता करत नाही, असं काही आहे का?"

"काहीच नाही. सगळं करते मी."

मीराने मान हलवली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आई आरामखुर्चीत झोपते. आडवी झोपतच नाही. बाजारातून सामान आणताना प्रत्येक दुकानाच्या काचेसमोर थांबून आत बघत बसते. चपलांच्या दुकानासमोर, मोबाइलच्या दुकानासमोरसुद्धा. बाबांना वाटतं, तिला खरेदीची हौस आहे."

सुनंदाताई ओशाळल्यासारख्या हसल्या. "अगं, बघायला काय जातंय."

इतक्या वर्षांत मला सगळ्यात थक्क केलं असेल ते याने. माणूस स्वतःचं आयुष्य किती गुपचूप लहान करत नेतो. आधी जिना सोडतो, मग गाणं सोडतो, मग भरभर चालणं, मग पलंग. प्रत्येक वेळी त्याला वाटतं, हे काही दम्यामुळे नाही, वयच झालंय. आणि शेवटी डॉक्टरांना सांगतो, मी सगळं करतो. ते खोटंही नसतं. जेवढं उरलंय, तेवढं सगळं तो करत असतो.

मी नाकाबद्दल विचारलं. "नाक तर कधीच गेलं," त्या म्हणाल्या. "मीरा शाळेत होती तेव्हापासून वास असा काही येतच नाही. नाकात मांस वाढलं होतं, ते एकदा काढलं. पुन्हा वाढलं. आता मी नादच सोडलाय."

हे सांगता सांगता त्यांच्या नाकातून पाणी येऊ लागलं. त्यांनी रुमाल काढला. डोळे लाल दिसत होते, गळ्यावर लाली चढत होती.

"सर्दी झालीय का?" मी विचारलं.

"नाही, आत्ता एकदमच सुरू झालं. सकाळपासून दाढ दुखत होती, म्हणून गाडीत मीराकडची एक..." इथे त्या थांबल्या. श्वास घेतला. "एक गोळी घेतली."

"कुठली गोळी?"

मीराने पर्समधून पाकीट काढून दाखवलं. आयबुप्रोफेन. जगात लाखो लोक रोज घेतात ती साधी दुखण्यावरची गोळी. मी ते पाकीट पाहिलं आणि तीन गोष्टी एका जागी आल्या: दमा, नाकात वाढलेलं मांस, आणि ही गोळी. काही थोड्या माणसांच्या शरीरात हे तिन्ही एकत्र नांदतात. त्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा तिच्या जातीची कुठलीही गोळी दिली, की तासाभरात छाती मिटते. त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतं, कारण त्यांनी ती गोळी बऱ्याच वर्षांत घेतलेली नसते. सुनंदाताईंचं तसंच होतं. डोकं दुखलं की त्या बाम चोळायच्या.

"सुनंदाताई, आता कसं वाटतंय?"

"थोडं... जड."

आम्ही पेशंटशी बोलतो ते नुसतं माहितीसाठी नसतं. तो किती लांबीचं वाक्य एका श्वासात बोलतो, तेही आम्ही ऐकत असतो. पाच मिनिटांपूर्वी ही बाई मला साताऱ्यापासून रेगेन्सबर्गपर्यंतची कहाणी एका दमात सांगत होती. आता तिचं वाक्य दोन शब्दांवर आलं होतं. निळ्या स्प्रेने काही फरक पडला नाही. त्या खुर्चीत पुढे झुकल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, गळ्याचे स्नायू दोरीसारखे वर आले. मी पाठीला स्टेथोस्कोप लावला. आत शंभर शिट्ट्या वाजत होत्या.

उर्सुलाला काही सांगावं लागलं नाही. ती फोनवर नोटआर्त्स्टला बोलावत होती. हा डॉक्टर इथे अँब्युलन्ससोबतच येतो. तोवर आम्ही ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध सुरू केलं, शिरेत कॉर्टिझोन दिलं. कॉर्टिझोन काम करायला वेळ घेतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून कानाला स्टेथोस्कोप लावून बसले.

मग शिट्ट्या कमी झाल्या. हळूहळू जवळजवळ थांबल्या.

मीरा शेजारी उभी होती. तिलाही मघापासून ती घरघर ऐकू येत होती. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि आल्यापासून पहिल्यांदाच मराठीत बोलली, "आता बरं आहे ना? आवाज थांबला."

 शिट्टी वाजते, कारण अरुंद नळीतून का होईना, हवा जात असते. नळ्या जवळपास बंदच झाल्या की वाजायला काही उरत नाही. आमच्या कामात सगळ्यात भीतीदायक असते ती ही शांतता. बाहेरच्या माणसाला वाटतं, पेशंट निवांत झाला. तो निवांत झालेला नसतो, दमलेला असतो.

सुनंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती असं मी म्हणणार नाही. ते लक्ष होतं, पूर्ण एकवटलेलं. सुईत दोरा ओवताना असतं तसं. त्या माणसांना पाहत नव्हत्या. एक श्वास संपवून पुढच्याकडे जात होत्या. मी आयुष्यभर छात्या ऐकल्या, पण इतकं कष्टाचं काम करणारं माणूस फार थोड्या वेळा पाहिलं.

अँब्युलन्स आली. नोटआर्त्स्टने शिरेतून आणखी औषध दिलं आणि ते सुनंदाताईंना घेऊन गेले. रुग्णालयात त्यांना झोपवून श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर डीटर बसले होते. उंच, वाकलेले, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. मी ओळख सांगितली. ते उठले, हात मिळवला आणि अगदी सभ्यपणे, जणू माझं गणित कुठे चुकलंय ते दाखवायचंय अशा सुरात म्हणाले, "डॉक्टर, तिचा दमा सौम्य होता. आम्हाला नेहमी तसंच सांगण्यात आलं."

"दमा सौम्य नव्हता," मी म्हटलं. "सुनंदाताई सौम्य आहेत."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग विचारलं, "ती दुकानांच्या काचांसमोर थांबायची. ते त्यामुळे होतं का?"

मी हो म्हटलं. ते खाली बसले. म्हणाले, "मी वाढदिवसाला तिला चपला घेऊन दिल्या. तीन वेळा."

नशीब चांगलं होतं आणि वयाच्या मानाने हृदय दणकट होतं. त्या यंत्रावरून सुटल्या, घरी आल्या आणि पुन्हा माझ्या समोर बसल्या. आता खरं काम सुरू होणार होतं. अटॅकमधून वाचवणं हे धावपळीचं असतं, पण ते ठरलेलं असतं. त्यानंतर कुणाला कुठलं औषध, किती आणि किती दिवस, हे ठरवायला डोकं आणि धीर लागतो.

लोकांना वाटतं, ज्याला जास्त त्रास तो गंभीर दमा. आम्ही तसं मोजत नाही. दमा काबूत ठेवायला किती औषध लागतं, त्यावर त्याची गंभीरता ठरते. भयंकर त्रास असलेला माणूस रोजच्या एका साध्या पंपाने ठणठणीत होऊ शकतो. मग त्याचा दमा गंभीर नव्हता, फक्त औषधावाचून उपाशी होता. म्हणून आधी पाहायचं, की औषध घेतलं जातंय का आणि नीट घेतलं जातंय का.

"दाखवा बरं, पंप कसा घेता," मी म्हटलं.

त्यांनी तो तोंडासमोर धरला आणि देवाला अत्तर शिंपडावं तसा जिभेवर फवारा मारला. औषध सगळं जिभेवर, छातीत जवळपास काहीच नाही. यात त्यांचा काही दोष नव्हता, कुणी शिकवलंच नव्हतं. उर्सुलाने त्यांना शिकवलं: आधी पूर्ण श्वास सोडा, मग फवारा आणि श्वास एकदमच, मग थांबा. पण त्याहून अवघड काम माझ्या वाट्याला होतं. निळा पंप नळ्या तात्पुरत्या उघडतो. आतली सूज कमी करतो तो दुसरा, रोजचा पंप, ज्यात थोडंसं स्टिरॉइड असतं. तो घ्यायला त्या तयार नव्हत्या.

"पंपाची सवय लागते," त्या म्हणाल्या. "आमची आई सांगायची."

"निळ्याचीच तर लागलीय तुम्हाला. हा दुसरा घेतलात तर ती सुटेल."

"आणि स्टिरॉइड?"

याबाबतीत सातारा आणि बव्हेरिया यांच्यात तसूभर फरक नाही. जर्मन माणूस कॉर्टिझोन हा शब्द ऐकला की आपण विषाची बाटली काढल्यासारखा बघतो. मी त्यांना सांगितलं, की पंपातून जातं ते थेट नळ्यांवर आणि अगदी कणभर. अटॅकच्या वेळी तुमच्या शिरेत जेवढं गेलं, तेवढं पंपातून जायला कितीतरी महिने लागतील.

त्या घेऊ लागल्या. आणि एकदा ठरवल्यावर त्यांनी जे केलं, तसं करणारे पेशंट मी बोटांवर मोजू शकते. झगा शिवताना टाका चुकवू नये तसा एकही दिवस चुकवला नाही. जुनी लोकर आणि पिसं ठेवलेल्या कोठारातलं काम सोडलं. दुखण्याच्या त्या जातीच्या गोळ्या घरातून हद्दपार झाल्या. आम्ही पंपाची ताकद वाढवली, त्यात दुसरं औषध जोडलं, मग तिसरं. थोडा फरक पडला. त्या पलंगावर आडव्या झोपू लागल्या. पण दर काही महिन्यांनी छाती मिटायची आणि कॉर्टिझोनच्या गोळ्या द्याव्या लागायच्या. आता मी म्हणू शकत होते, की हा गंभीर दमा आहे. सगळं नीट करूनही न आवरणारा.

इथे मला झेलनर आजोबा आठवतात. सुतार होते. सुनंदाताईंसारखाच दमा, पण कितीतरी आधीच्या काळातला. त्यांच्यासाठी आमच्याकडे रोजच्या कॉर्टिझोनच्या गोळ्यांशिवाय काही नव्हतं. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, कातडी कागदासारखी, आणि शेवटी नुसतं खोकल्याने मणका मोडला. आम्ही त्यांचा श्वास राखला आणि हाडं घेतली. ते दर वेळी जाताना माझे आभार मानायचे. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत दम्यावरची नवी इंजेक्शनं आली.

सुनंदाताईंच्या रक्तात एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी फार वाढल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी केशरी दाण्यांनी भरलेल्या दिसतात, दिसायला फार सुंदर. त्यांचं मूळ काम जंतांशी लढण्याचं. इथे जंत नाहीत, तर त्या स्वतःच्याच नळ्यांवर आणि नाकावर तुटून पडतात. त्यांना कुणीतरी निरोप पाठवून बोलावत असतं. नवी इंजेक्शनं तो निरोप वाटेतच अडवतात. बाकी कशाला हात लावत नाहीत. हे मी अनेकदा वाचलं, परिषदांमध्ये ऐकलं, तरी प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो. शरीरातल्या एवढ्या गलबल्यात एक निरोप ओळखायचा आणि तेवढाच थांबवायचा.

"सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही," मी त्यांना सांगितलं. "काही महिने बघू."

"बघू," त्या म्हणाल्या. त्या स्वरात काही अपेक्षा नव्हती. दर दोन आठवड्यांनी पोटावर किंवा मांडीवर एक टोचणी. त्या घरीच शिकल्या. सुई त्यांना काय नवी.

तिसरी की चौथी टोचणी झाल्यावर त्या तपासणीला आल्या. डीटरही सोबत होते. उर्सुलाने पेटीत बसवून ओरडून घेतलं, आलेख पाहून माझ्याकडे आली आणि पडद्याकडे बोट करून गेली. उतार जवळजवळ सरळ होता. पण मी काही बोलण्याआधीच सुनंदाताई म्हणाल्या, "डॉक्टर, आधी माझं ऐका. परवा घरात काहीतरी मेलं होतं."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघरात शिरले आणि असा भपकारा आला की बास. मला वाटलं, उंदीर. डीटरला फ्रिज सरकवायला लावला. फडताळं रिकामी केली. मीरा आली होती, ती उभी राहून आमच्याकडे बघत होती. आणि मग मी आमटीवरचं झाकण काढलं." त्या थांबल्या, पण आता दम लागला म्हणून नव्हे. "हिंग. माझ्याच हातचा. मला वास यायचा नाही ना, म्हणून मी दर वर्षी थोडा थोडा वाढवत गेले. मूठमूठ घालत होते म्हणा ना. मी डीटरला म्हटलं, हे तू इतकी वर्षं खातोयस? तर म्हणतो, हो."

डीटरना आपलं नाव आणि 'हिंग' कळलं होतं. त्यांनी जर्मनमध्ये मला खुलासा केला, "मला वाटलं, तुमच्याकडे असंच असतं."

"आणि काही बोलला नाहीत?"

"तिला जेवायला वाढताना फार आनंद व्हायचा."

मी सुनंदाताईंकडे वळून विचारलं, "आणखी कशाकशाचा वास येतो?"

त्या मराठीतच बोलू लागल्या, हळू आवाजात, नवऱ्यासमोर बसून त्याला कळणार नाही अशा खात्रीने. "कापडाचा येतो. मखमलीचा वेगळा, सुताचा वेगळा, हे मी विसरलेच होते. मीराचा येतो. आणि याचा. लग्न झालं तेव्हा याला खडूचा आणि कसल्याशा साबणाचा वास यायचा, तो माझ्या लक्षात होता. मला वाटलं, तोच येईल. पण आता याला म्हाताऱ्या माणसाचा वास येतो, डॉक्टर. मधली सगळी वर्षं मला कळलंच नाही. रात्री याच्या शेजारी आडवी पडले आणि एकदम म्हातारा नवरा मिळाल्यासारखं झालं. बरं वाटलं."

डीटर माझ्याकडे बघत होते. "काय म्हणते ती?"

इतकी वर्षं मी पेशंट आणि नातेवाईक यांच्यामध्ये उभी राहून एकाचं दुसऱ्याला सांगत आले होते, दोन भाषांत. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, "ते त्यांनाच विचारा."

ते बायकोकडे वळले.  सुनंदाताईंनी खुर्ची जवळ ओढली, त्यांच्या कोटाची कॉलर बाजूला केली, मानेशी नाक नेलं आणि छाती भरून श्वास घेतला. मग तो सावकाश, शेवटपर्यंत, सोडला.